शरीर खराब पेशी स्वतःच काढून टाकतं, मग उपवासाने कॅन्सर टाळता येतो का?

पेशींची ही सफाई कॅन्सरपासून खरोखर वाचवते, पण उपवासाने ती वाढवून कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. वाशीत मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि हा प्रश्न दरवर्षी येतो. पेशीचा डीएनए बिघडला की पी-५३ नावाचं प्रथिन तिचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःलाच संपवते (अपोप्टोसिस). त्यातूनही सुटलेल्या खराब पेशींना प्रतिकारशक्तीच्या एनके आणि टी पेशी हेरून मारतात. मला सर्वांत पटणारे पुरावे दोन: माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ चं जनुक बिघडलेलं सापडतं, आणि अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना कॅन्सर इतरांपेक्षा दुपटीहून जास्त होतो. हत्तीकडे तर या जनुकाच्या सुमारे २० प्रती असतात, एवढं प्रचंड शरीर असून त्याला कॅन्सर क्वचितच होतो!

उपवासाचा संबंध ऑटोफॅजीशी जोडतात, म्हणजे पेशी आपलेच खराब झालेले भाग मोडून पुन्हा वापरते त्या क्रियेशी. त्यावर जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं, पण ते यीस्टमधल्या मूलभूत शोधासाठी. आणि एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा: गाठ तयार झाल्यावर तीच ऑटोफॅजी कॅन्सरच्या पेशींनाही तगून राहायला मदत करू शकते. म्हणून उपचार चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास नको, वजन घटलं तर केमो सोसत नाही. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर उपचार आणि संशोधन केंद्र खारघरलाच आहे. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही तर आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा. तंबाखू खाणाऱ्यांनी, मिश्री लावणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नये.