इंटरिम कन्सल्टिंग हे करिअर म्हणून कसं आहे, त्यात आकर्षण काय? वय ३४, मुंबईत फायनान्समध्ये चांगली नोकरी आहे, सासरे म्हणतात हे हंगामी काम आहे, त्यांना कसं समजवू? नोकरी सोडू का?

सासऱ्यांचं वाक्य तुम्ही लिहिलंत म्हणून उत्तर द्यायला बसलो. तुमचे सासरे 'हंगामी' म्हणाले, माझे वडील 'बदलीवाला' म्हणायचे.

अण्णा लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. परमनंट होण्याआधी सहा वर्षं बदली होते. पहिल्या पाळीला गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर त्याच्या साच्यावर काम, नाहीतर आल्या वाटेनं घरी. २०१६ साली मी एकोणीस वर्षांची नोकरी सोडली आणि काय करणार ते त्यांना समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे खाडेवाल्याच्या जागी." आहेच तसं. कोणाचा तरी सीएफओ, म्हणजे कंपनीचा पैशांचा सगळा कारभार बघणारा वरिष्ठ अधिकारी, पळालेला असतो, नवा मिळेपर्यंत तुम्ही त्याच्या खुर्चीत बसता. साधा कन्सल्टंट सल्ला देऊन निघून जातो, इथे चेकवर आणि बँकेच्या कागदांवर सही तुमची.

माझं पहिलं काम अंबरनाथ एमआयडीसीत, एका घरगुती मालकीच्या रसायन कारखान्यात. डोंबिवलीहून सकाळी कर्जत बाजूची, गर्दीच्या उलट दिशेची गाडी, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा बसून ऑफिसला गेलो. दुसऱ्या महिन्यात बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि उधारीचा तक्ता, सहीला आलं. ९० दिवसांपुढची उधारी बँक ड्रॉइंग पॉवरला, म्हणजे किती कर्ज उचलता येईल त्या हिशेबात, धरत नव्हती, आणि यांच्याकडे जुनी उधारी जवळजवळ नव्हतीच. एवढी गुणी गिऱ्हाइकं मी कुठे पाहिली नव्हती. बिलं काढून बघितली तर बऱ्याच बिलांना ना लॉरी पावती, ना गेटपास. ९० दिवस भरत आले की क्रेडिट नोट काढून जुनं बिल रद्द करायचं आणि त्याच मालाचं नवं बिल फाडायचं, म्हणजे कागदावर उधारी कायम ताजी.

अकाउंटंटला विचारलं. त्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. म्हणाला, "साहेब, मला इथेच रिटायर व्हायचंय."

या धंद्याचं आकर्षण विचारलंत ना, ते या वाक्यात आहे. मला तिथे रिटायर व्हायचं नव्हतं. इन्क्रिमेंट नको होतं, शेठच्या मुलाशी गोड राहायचं नव्हतं. मी सही केली नाही. शेठनं आवाज चढवला, तीन दिवस केबिनमध्ये चहा आला नाही, चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "चला बँकेत." बँकेच्या कर्जाची लिमिट कमी झाली, भिवंडीचं एक गोदाम विकावं लागलं, कारखाना चालू राहिला. नोकरीतल्या एकोणीस वर्षांत मी असं एकदाही 'नाही' म्हणू शकलो नव्हतो, आणि म्हणायची वेळ आली नव्हती असं नाही.

मात्र शेवटच्या दोन महिन्यांची फी शेठनं सात महिने लटकवली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पुढे चक्रवाढ व्याज. मी दावा लावला नाही, कारण पुढचं काम त्याच्याच व्याह्यानं दिलं होतं.

त्या सात महिन्यांत एकदा जेवताना अण्णा म्हणाले, "बदलीवाल्याला निदान पगाराच्या दिवशी पगार मिळायचा." मी तडकलो. म्हटलं, तुम्ही परमनंट झालात त्याचं काय झालं? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणीनं तुम्हाला परत घेतलं का? ते काही बोलले नाहीत. उठून टीव्हीचा आवाज वाढवला. बोलायला नको होतं. पण मुद्दा चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. त्या संपाच्या मागण्यांमध्ये बदलीवाल्यांना कायम करा हीसुद्धा मागणी होती, आणि शेवटी कायमवाले आणि बदलीवाले एकाच रस्त्यावर आले. सासऱ्यांना हे सांगून बघा. नाहीतर नका सांगू, जेवताना तर नकोच.

आता तुमचं. ३४ हे वय लवकर आहे. रिकाम्या खुर्चीत बसवायला लोक पिकलेले केस शोधतात. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे मोठ्या पब्लिक कंपन्यांना सीएफओची जागा सहा महिन्यांत भरावीच लागते, म्हणजे तिथेही तुमचा मुक्काम तेवढाच. दोन कामांच्या मध्ये मी एकदा पाच महिने घरी होतो. वर्षभराचा खर्च आणि हप्ते बाजूला काढलेले नसतील तर हा विषय इथेच सोडा. कंपनीचा मेडिक्लेम जातो, आधी स्वतःचा घ्या. फी ठरवताना १८ टक्के जीएसटी वेगळा लिहून घ्या, १० टक्के टीडीएस कापून पैसे येतील हे धरून चाला, आणि निम्मी फी आगाऊ मागा. मी मागितली नव्हती.

सासऱ्यांना कसं समजवायचं हेही विचारलंत. ते मला जमलेलं नाही. अण्णा शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगायचे की मुलगा बँकेत आहे. मी कधीच बँकेत नव्हतो.