पाणी टूलला, जहाजं तुमची

प्रश्न : काका, आमच्या घरी जहाजांच्या कोड्यावरून रोज वाद. दहा बाय दहा चौकटीत लपलेली जहाजं शोधायची; आडव्या-उभ्या ओळीचा आकडा म्हणजे तिच्यात जहाजांची घरं किती, बाकी पाणी. मी मोबाइलवर टूल उघडून सोडवते, सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो) कागदावर पेन्सिलीनं. टूलमध्ये जहाजाचं एक घर भरलं की तिरक्या घरांत पाणी आपोआप येतं. मामा म्हणतात, ही कॉपी झाली. खरं का? दुसरं, सध्याच्या कोड्यात मी सहाव्या ओळीत अडकलेय. ओळीचा आकडा 6. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या घरात पाणी, बाकी सात घरं कोरी. दोन्ही क्रूझर (तीन घरांची जहाजं) दुसरीकडे सापडल्यात, बॅटलशिप (चार घरांचं एकमेव जहाज) सापडत नाही. हिंटचं बटण दाबू का? आणि एका छापील कोड्याचे आकडे भरले तर टूल म्हणालं, ‘उत्तर नाही’. छपाईची चूक असेल का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, मामा निम्मे बरोबर आहेत. कुठले निम्मे ते सांगतो.

जहाजं एकमेकांना तिरकीसुद्धा चिकटत नाहीत, हा नियमच आहे. मग भरलेल्या घराच्या चारही तिरक्या घरांत पाणी आलंच. ते भरायला डोकं लागत नाही, ती नुसती हमाली. मी पूर्व भागातल्या कारखान्यात चादरीच्या जकार्डचे, म्हणजे विणायच्या नक्षीचे, ग्राफ रंगवायचो. तिथं जमिनीचे, म्हणजे नक्षीमागच्या साध्या भागाचे, चौकोन नवी पोरं भरत आणि फुलाची कड उस्ताद स्वतः काढत. म्हणून कुणी उस्तादाला कामचुकार म्हटलं नाही. तेव्हा पाणी टूलला भरू द्या. ओळीत किती घरं उरली, कुठलं जहाज सापडलं, हा हिशेबही त्याच्याकडेच द्या.

हिंटचं बटण मात्र वेगळं. ते थेट जहाजाचं घर दाखवतं आणि का ते सांगतच नाही. तिथं मी मामांच्या बाजूनं. त्यांना हेही सांगा, की हे कोडं मुळात कागदावरचंच. अर्जेंटिनाच्या हाइमे पोनियाचिक यांनी ते 1982 मध्ये काढलं आणि 1992 मध्ये न्यूयॉर्कला पहिली जागतिक कोडे स्पर्धा झाली, तिथून ते जगभर गेलं. मामा खूश होतील.

आता तुमची सहावी ओळ. बटण दाबायची गरजच नाही, बघा की. कोरी घरं दोन तुकड्यांत आहेत : 2, 3, 4 हा एक आणि 6, 7, 8, 9 हा दुसरा. सात घरांत सहा जहाजाची, म्हणजे पाणी फक्त एका घरात. ते कुठल्या तुकड्यात? समजा दुसऱ्या तुकड्यात आहे. मग 2, 3, 4 तिन्ही भरली, दोन्हीकडे पाणी, म्हणजे तीन घरांची क्रूझर झाली. पण क्रूझर दोनच असतात आणि दोन्ही तुम्हाला सापडल्यात. तिसरी येणार कुठून? म्हणून पाणी पहिल्या तुकड्यातच, आणि 6 ते 9 सलग भरली. हीच तुमची बॅटलशिप. 2, 3, 4 मधलं कुठलं घर रिकामं, ते अजून ठरत नाही. त्यासाठी उभ्या ओळींचे आकडे बघावे लागतील.

याच ओळीतली दुसरी गंमत मला जास्त आवडते. क्रूझरचा पत्ता नसता तरी थोडं पाणी मिळालंच असतं. 2 आणि 4 यांतलं निदान एक घर भरलेलं असणारच, कारण रिकामं एकच आहे. दोन्हींची तिरकी घरं तिसऱ्या उभ्या ओळीत येतात. म्हणजे पाचव्या आणि सातव्या ओळीतलं तिसरं घर, कुठलंही भरलं तरी, पाण्याचंच. 6 आणि 8 मुळे सातव्या घराच्या वर-खाली तसंच, 7 आणि 9 मुळे आठव्याच्या. जहाजाचं एकही घर पक्कं नसताना सहा घरांत पाणी! आपोआप पाणी भरणारं टूल इथं गप्प राहतं, कारण ते भरलेल्या घराचीच वाट बघतं. आकडा मोठा आणि कोरी घरं त्याहून एकानंच जास्त, अशी ओळ दिसली की मी आधी तिच्या वरच्या-खालच्या ओळींत पेन्सिल घालतो. ही चाल मामांना येत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा. येत नसेल तर तुम्हीच शिकवा, आठवडाभर वाद मिटेल.

‘उत्तर नाही’ म्हणालं की छापखान्याला लगेच दोष देऊ नका. चार घरांची एक, तीनच्या दोन, दोनच्या तीन आणि एकेका घराच्या चार पाणबुड्या मिळून घरं 20 होतात. आडव्या ओळींच्या आकड्यांची बेरीज 20 यायला हवी, उभ्यांचीही 20. छापील आकड्यांचीच येत नसेल तर चूक छपाईची. कागदावर येते आणि मोबाइलवर येत नाही, तर तुमचं बोट घसरलंय. दोन्हीकडे आली तर कोड्यात आधीच भरून दिलेली घरं तपासा. जहाजाचं गोल टोक वरचं की खालचं, यात गल्लत फार होते. तेही बरोबर निघालं तर कोड्याचा फोटो आमच्याकडे पाठवा.