वाचकांचे प्रश्न: स्टँड नवा झाला, पण घोडा दिसतो का?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की रेसकोर्स नवीन केल्यावर ते कसं झालंय हे आर्किटेक्टला विचारू नका, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून आलेल्या माणसाला विचारा. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी दुसरा कुठलाच विषय घेत नाही. सगळी छापता येत नाहीत, सहा घेतलीत.

ताई, मी दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये रेडिंगला आलो. अ‍ॅस्कॉट रेसकोर्स अगदी जवळ. ऑफिसमधले जुने लोक म्हणतात की नवीन स्टँड म्हणजे एअरपोर्ट आहे, जुन्या अ‍ॅस्कॉटची मजा गेली. मला तर बघून भारी वाटलं. नक्की काय झालं होतं? (वाचक, रेडिंग)

तुमच्या ऑफिसमधले लोक उगाच बोलत नाहीयेत, पण त्यांचा बराचसा राग २००६ सालचा आहे आणि तो तेव्हा खरा होता.

झालं असं की अ‍ॅस्कॉट हे १७११ पासूनचं रेसकोर्स, राणी अ‍ॅनने सुरू केलेलं. तिथला मोठा स्टँड १९६१ चा होता, तो पाडून सगळंच नव्याने करायचं ठरलं. सप्टेंबर २००४ मध्ये कोर्स बंद केला, २००५ ची रॉयल मीटिंग, म्हणजे जूनमधलं रॉयल अ‍ॅस्कॉट, तिकडे उत्तरेत यॉर्कला नेली, किंग जॉर्ज ही जुलैमधली मोठी रेस न्यूबरीला झाली, आणि २० जून २००६ ला राणी एलिझाबेथच्या हस्ते नवीन कोर्सचं उद्घाटन झालं. खर्च सुमारे २० कोटी पाउंड. बाहेरून काचेचा लांबच लांब स्टँड, आत झाडासारखे फांद्या फुटलेले स्टीलचे खांब, वरून पडणारा उजेड, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणारे एस्कलेटर. बिल्डिंग म्हणून देखणी आहे यात वादच नाही.

पण पहिल्याच दिवसांत साध्या तिकिटावर आलेले लोक म्हणायला लागले की आम्हाला रेस दिसत नाही. खालच्या लेव्हलवर उभं राहून बघायला पुरेशा पायऱ्याच नव्हत्या, आणि वरचे मजले, जिथून ट्रॅक मस्त दिसतो, ते बॉक्स, रेस्टॉरंट आणि कंपन्यांच्या पाहुण्यांना गेलेले. एअरपोर्ट हा शब्द तेव्हाचा. माझ्या मते एअरपोर्टसारखं दिसणं हा काही मोठा गुन्हा नाही, लोकांना ते खुपलं कारण आधीच घोडा दिसत नव्हता, आणि मनात राग असला की माणसाला मग काचसुद्धा आवडत नाही.

आता कौतुकाची गोष्ट सांगते. त्याच वर्षाच्या शेवटी अ‍ॅस्कॉटने आणखी सुमारे १ कोटी पाउंडांचं काम जाहीर केलं, फक्त खालच्या लेव्हलवरून नीट दिसावं म्हणून. म्हणजे लोकांच्या तक्रारी मनावर घेतल्या, सहा महिन्यांपूर्वी उद्घाटन झालेल्या स्टँडमध्ये पुन्हा काँक्रीटचं काम काढलं. मी स्वतः गेले ती हे सगळं झाल्यावर, भाचीकडे राहायला गेले होते तेव्हा जुलैमधल्या शनिवारी किंग जॉर्जला, आणि मला पायऱ्यांवरून शेवटचे दोन फर्लांग स्वच्छ दिसले. वरचे मजले मात्र अजूनही पैसेवाल्यांचेच आहेत, ते काही बदललं नाही, आणि जुने लोक त्यावर बोलत असतील तर ऐकून घ्या कारण ते खरं आहे.

नुसत्या पायऱ्यांवरून एवढा गदारोळ? आता सगळीकडे मोठी स्क्रीन असते की. (वाचक, ठाणे)

स्क्रीनवरच बघायचं असेल तर माणूस ठाण्याहून निघेल कशाला?

पायरीचं गणित समजून घ्या, सोपं आहे. तुमची नजर पुढच्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडे जायला हवी. पायरी बुटकी असली की पुढचं डोकं मध्ये येतं, आणि अशा वीस रांगा एकापुढे एक उभ्या राहिल्या की मागच्याला फक्त आकाश दिसतं. त्यात अ‍ॅस्कॉटला बायकांच्या डोक्यावर हॅट, पुरुषांच्या डोक्यावर टॉप हॅट, म्हणजे प्रत्येक डोकं अजून वीतभर उंच!

आणि क्रिकेटला मैदान तुमच्या समोर पसरलेलं असतं, रेसला तसं नसतं, अ‍ॅस्कॉटला तर एक मैलाचा सरळ ट्रॅक आहे, म्हणजे वीस-पंचवीस घोडे लांबून अंगावर चाल करून आल्यासारखे येतात आणि तुम्ही जमिनीच्या लेव्हलवर असाल तर कोण पुढे कोण मागे काही कळत नाही, नुसती रंगीबेरंगी टोप्यांची भिंत सरकत येते. थोडी उंची मिळाली की तीच भिंत उलगडते, मग कळतं की रेलिंगच्या बाजूचा हिरवा जॉकी अजून हात न हलवता बसलाय आणि मधला फेव्हरिट, सगळ्यांचे पैसे ज्याच्यावर तो, संपलाय. रेस बघणं म्हणजे हेच तर असतं. दोन पायऱ्या जास्त दिल्या तर हजारो लोकांना हे मिळतं, म्हणून गदारोळ.

मी इंग्लंडमध्येच एका छोट्या रेसकोर्सवर गेलो होतो, नुकतंच नवीन केलेलं. तिकीट वाढवलंय, खायला दहा प्रकारचे स्टॉल, पण पॅडॉकच्या (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात ती जागा) निम्म्या बाजूला फक्त मेंबर लोक. घोडे बघायलाच मिळाले नाहीत. तक्रार करून काही होतं का? (नाव आणि गाव छापू नका)

होतं. वर अ‍ॅस्कॉटचं लिहिलंय ते त्यासाठीच. पण नुसतं "मजा आली नाही" असं लिहू नका, कुठल्या तिकिटावर होतात, कुठे उभे होतात, कुठल्या रेसला, आणि तिथून काय दिसलं नाही हे लिहा, फोटो जोडा. तुमच्या जागेवर उभं राहून काढलेला एक फोटो दहा ओळींचं काम करतो. आणि पॅडॉकचा मुद्दा पहिला टाका, कारण रेसच्या आधी घोडा चालताना बघणं, त्याचा घाम, त्याचे कान, सईसाच्या हातात तो शांत चालतोय का ओढतोय, हे बघायचा हक्क स्वस्त तिकिटालाही आहे असं मी मानते.

स्टँडबद्दल सगळे बोलतात, ट्रॅकचं काय? घोड्यांना काही फायदा झाला का? (वाचक, नागपूर)

छान प्रश्न, हा कोणीच विचारत नाही.

झाला ना. जुन्या अ‍ॅस्कॉटला सरळ ट्रॅक ओलांडून एक सार्वजनिक रस्ता जायचा, रेसच्या दिवशी तो झाकून त्यावरून घोडे पळवायचे. नवीन कामात गाड्यांसाठी ट्रॅकखालून रस्ता काढला आणि वर सलग गवत आलं. सरळ ट्रॅक उत्तरेकडे सरकवून नव्याने बसवला, मागे स्टँड आणि पॅडॉकला जागा मिळाली ती त्यामुळेच. पण ट्रॅक नवा म्हणजे जुना अभ्यास गेला! रेस सुटते तिथल्या कुठल्या नंबरच्या कप्प्यातून (स्टॉलमधून) सुटलं की फायदा होतो याचे वर्षानुवर्षांचे हिशेब वहीत असलेल्या लोकांना सगळं पहिल्यापासून बघावं लागलं, आणि २००६ मध्ये त्यावरून पण भरपूर वाद झाले.

मी परळचा, वय ६८. मिलमध्ये होतो तेव्हापासून महालक्ष्मी रेसकोर्सला येतो, आता गुडघे दुखतात तरी डर्बीचा रविवार सोडत नाही. आमच्या रेसकोर्सचं पण आता नवीन काहीतरी होणार म्हणतात. आमच्यासारख्यांना तिथे जागा राहील का? (वाचक, मुंबई)

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

जे ठरलंय ते आधी सांगते. जमिनीची जुनी लीज २०१३ मध्येच संपली होती. २०२४ मध्ये असं ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर सेंट्रल पार्कसाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर रेस चालवणाऱ्या टर्फ क्लबकडे, ३० वर्षांच्या लीजवर, म्हणजे २०५३ पर्यंत. रेस बंद होणार नाहीत. आणि आपले स्टँड हेरिटेजमध्ये आहेत, त्यामुळे अ‍ॅस्कॉटसारखं सगळं पाडून काच उभी करायचा प्रकार तिथे सोपा नाही, मला तर त्याचा आनंदच आहे.

मी कॉलेजात असताना मामा मला पहिल्यांदा महालक्ष्मीला घेऊन गेला. हातात कोल, म्हणजे घोड्यांची माहिती असलेलं रेसचं छापील पुस्तक, त्यावर पेन्सिलच्या खुणा, आणि तो मला म्हणाला आधी पॅडॉकला चल, पैसे नंतर लाव. तिथे माझ्या एका बाजूला इस्त्रीच्या सुटातले पारशी आजोबा आणि दुसऱ्या बाजूला टॅक्सी ड्रायव्हर, दोघेही एकाच घोड्याच्या मागच्या पायाकडे बघतायत आणि एकमेकांना मान हलवून सांगतायत की नाही, आज नाही. तिकिटं वेगळी, एन्क्लोजर वेगळं, पण घोडा दोघांना सारखाच दिसत होता. १८८३ पासून चालू असलेल्या त्या जागेचं मोठेपण मला त्यात वाटतं.

म्हणून काका, तुमच्यासारख्यांनी आत्ताच बोलायला हवं, काम झाल्यावर नाही. अ‍ॅस्कॉटला आधी बांधलं आणि मग लोकांचं ऐकून १ कोटी पाउंड घातले, त्यांच्याकडे तेवढे पैसे होते. आपल्याकडे चुकीची पायरी एकदा बांधली की ती पुढची पन्नास वर्षं तशीच. माझी यादी अशी आहे, तुमची त्यात घाला: साध्या तिकिटाच्या स्टँडमधून विनिंग पोस्ट, म्हणजे रेस संपते ती खूण, दिसलंच पाहिजे, पोस्टसमोरची सगळी जागा बॉक्सना देऊ नका. पॅडॉकची रेलिंग सगळ्यांना खुली. सावली आणि पंखे. स्वच्छ टॉयलेट, बायकांसाठी पण, कारण बायका रेसला येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी तिथली सोय कधी बघितलेली नसते. आणि दोन रेसच्या मध्ये बसायला बाक, पाठ टेकता येईल असे, ते तुमच्या गुडघ्यांसाठी.

पार्कला माझा विरोध नाही हेही लिहून ठेवते. रेस नसताना सकाळी तिथे चालायला येणारे पण त्या जागेवर जीव लावतात आणि मुंबईला मोकळी जमीन हवीच आहे. फक्त नकाशावर सगळे बसून रेघा ओढतील तेव्हा रेसला येणारा साधा माणूस त्या टेबलावर नसेल अशी मला भीती वाटते. क्लबला पत्र लिहा काका, मराठीतच लिहा, आणि बरोबरच्या चार जणांच्या सह्या घ्या.

पॅरिसला पण असंच झालं म्हणे? आणि माझी आई जूनमध्ये माझ्याकडे लंडनला येतेय, तिला रॉयल अ‍ॅस्कॉट दाखवायचंय. कुठे उभं राहू, काय घालू? (वाचक, सध्या लंडन, मूळ पुणे)

पॅरिसचं थोडक्यात. लाँशां रेसकोर्स बंद ठेवून नवीन केलं, तोवर २०१६ आणि २०१७ ची आर्क, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी रेस, शांती (Chantilly) नावाच्या दुसऱ्या रेसकोर्सवर झाली. एप्रिल २०१८ मध्ये आर्किटेक्ट डॉमिनिक पेरोचा सोनेरी स्टँड उघडला, आणि त्याच ऑक्टोबरच्या आर्कला लोकांनी तक्रार केली की गर्दीला जागा पुरत नाही, रांगा संपत नाहीत, उभं राहून नीट बघायला मिळत नाही. म्हणजे बारा वर्षांनी तोच धडा पुन्हा.

आता आई. वॉटर्लूहून थेट ट्रेन आहे, सकाळीच निघा. क्वीन अ‍ॅन एन्क्लोजरचं तिकीट काढलं तर पॅडॉकला जाता येतं. दुपारी २ वाजता राजघराण्याच्या बग्ग्या येतात, त्या आईला रेलिंगपाशी उभं करून दाखवा. रेससाठी मात्र रेलिंग सोडा आणि पायऱ्यांवर जेवढं वर जाता येईल तेवढं जा. पॅडॉकमधून शेवटचा घोडा निघायची वाट बघू नका, दोन-तीन घोडे बाकी असतानाच निघा, नाहीतर तुमच्याबरोबर अख्खी गर्दी निघते आणि पायऱ्या भरून जातात. कपड्यांचे नियम तिकिटाबरोबर येतात ते वाचा, पण बाहेरच्या देशांतल्या पाहुण्यांनी आपापला पारंपरिक पोशाख घातलेला तिथे चालतो, तेव्हा आई खुशाल पैठणी नेसू देत. फक्त चपला सपाट, कारण गवतात टाच रुतते. दुर्बीण एक न्या, आणि ती आईच्या गळ्यात अडकवा.

शेवटच्या रेसनंतर स्टेशनकडे धावू नका. बँडस्टँडभोवती लोक छोटे झेंडे घेऊन गोळा होतात आणि सगळे मिळून गाणी म्हणतात, स्वस्त तिकीट महाग तिकीट सगळे. अर्धा तास तिथे थांबा, तोवर प्लॅटफॉर्मवरची गर्दी पण कमी होते आणि आईला ट्रेनमध्ये बसायला जागा मिळेल.