अलीकडे काय पाहिलं? कोर्टातल्या एका स्टेनोचं उत्तर

प्रश्न असा आहे: अलीकडे कोणते चित्रपट, मालिका, वेबसिरीज पाहिल्यात आणि त्यांच्याबद्दल तुमचं खरं मत काय?

खरं मत हवं असेल तर आधी माझी नोकरी सांगावी लागेल. मी ठाण्याला कोर्टात स्टेनो आहे, 26 वर्षं झाली. राहते ऐरोलीला. दिवसभर माणसं बोलतात, त्यातलं काय रेकॉर्डवर घ्यायचं ते साहेब सांगतात आणि मी टाइप करते. या सवयीमुळे घरी टीव्ही लावला तरी माझं लक्ष पात्राच्या चेहऱ्यापेक्षा हातांकडे जास्त जातं. हा माणूस पोटासाठी काय करतो? ते त्याला येतं का? डॉक्टर असेल तर स्टेथोस्कोप नुसता गळ्यात लोंबतोय की कुणाच्या छातीला लागतोय? काम खरं वाटलं की त्याचं प्रेम, दुःख, सूड सगळं मी मान्य करते. काम खोटं वाटलं की मग त्याने कितीही रडावं, मी उठून कुकर लावायला जाते.

त्यातून हिंदी सिनेमातलं कोर्ट म्हणजे माझ्या जखमेवरचं मीठ. आमच्याकडे हातोडा नसतो हो. पट्टेवाल्याने नुसतं वर बघितलं तरी माणसं गप्प होतात. गीतेवर हात ठेवून शपथही नसते. 1969 च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वरसाक्ष म्हणा किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक सांगा, ग्रंथ लागत नाही. ‘दामिनी’ 1993 साली आला. तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते, पण आजही कुठल्याही लग्नात मी कोर्टात असते हे कळलं की पंगतीतलं कुणीतरी “तारीख पे तारीख” म्हणतंच. मी हसते. जिलबी वाढणारा थांबलेला असतो.

आता मुद्द्यावर येते.

सगळ्यात जास्त अंगावर आली ती ‘ॲडोलेसन्स’. मार्च 2025 मध्ये नेटफ्लिक्सवर आली, मी बरीच उशिरा पाहिली, मुलगा मागे लागला म्हणून. तो अकरावीत आहे. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, मध्ये एकही कट नाही. इंग्लंडमधल्या 13 वर्षांच्या मुलाला पोलीस पहाटे घरातून उचलतात, शाळेतल्या एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून. पहिल्या भागात दार फोडून आत शिरण्याचा गोंधळ संपला की पुढे जवळजवळ सगळं कार्यालयीन काम आहे. हक्क समजावून सांगतात. सोबत मोठं माणूस कोण हवं विचारतात, तो वडिलांचं नाव घेतो. वकील येतो. झडती होते. बाप समोर उभा. कुणी राक्षस नाही, जो तो आपला कागद भरतोय. लोक म्हणतात कॅमेऱ्याची कमाल आहे. असेल. मला कमाल वाटली ती अशी की कट नसल्यामुळे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना कॉरिडॉरमधून चालावंच लागतं, आणि माणूस खचतो तो त्या चालण्यात. कोर्टात रोज बघते. लॉकअपपासून कोर्टरूमच्या दारापर्यंतचा तो पॅसेज.

तिसऱ्या भागात एक खोली, तो मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ बाई. तिला कोर्टासाठी अहवाल लिहायचा आहे. ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपल्यातलं अर्धं सँडविच देते. तासभर तो कधी लाडात येतो, कधी अंगावर येतो, आणि ती आपला आवाज चढू देत नाही. तो गेल्यावर ती एकटी उरते. त्याने अर्धवट खाल्लेल्या सँडविचला हात लावायला जाते आणि झटकन मागे घेते. बस, एवढंच. पण तिथे मी टीव्ही थांबवला आणि पाणी प्यायला उठले. एका प्रकरणात नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा उलटतपास मी टाइप केला होता. मध्येच साहेब म्हणाले, घ्या, साक्षीदार रडत असल्याने दोन मिनिटे थांबण्यात आले. मी ते टाइप केलं. मग ती दोन मिनिटं करायचं काय? मी कीबोर्डवरची धूळ पुसत बसले होते. त्या बाईने सँडविचवरून हात मागे घेतला तेव्हा मला तो कीबोर्ड आठवला.

दुसरा भाग, शाळेतला, मला थोडा पसरट वाटला. पण त्यातच इमोजीचा प्रसंग आहे. मुलं एकमेकांना पाठवतात त्या चिन्हांचा खरा अर्थ काय, हे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावून सांगतो. आमच्या घरी तो प्रसंग यायच्या आधीच चिरंजीवांनी मला अर्थ सांगून टाकले. मी विचारलं, “तुला कसं माहीत?” म्हणाला, “सगळ्यांना माहीत असतं.” आणि चिवडा खात राहिला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण त्याचा दोष मालिकेला देता येणार नाही. घरात तेरा-चौदाच्या पुढचं मूल असेल तर सोबत बसून बघा. मात्र लगेच प्रश्न विचारायला सुरुवात करू नका, मी केली ती चूक.

‘थ्री ऑफ अस’ दुसऱ्यांदा पाहिला. अविनाश अरुणचा, 2023 मध्ये आलेला. शेफाली शाहची बाई फॅमिली कोर्टात नोकरीला, म्हणून माझा त्यावर हक्कच आहे असं मी धरून चालते. तिची स्मृती हळूहळू जायला लागली आहे. सगळं पुसून जायच्या आत लहानपणीचं वेंगुर्ला एकदा बघून यावं म्हणून ती नवऱ्याला घेऊन निघते. तिथे शाळेतला मित्र भेटतो, जयदीप अहलावत, आता बँकेत मॅनेजर. असा त्रिकोण दिसला की एरवी आपण भांडणाची वाट बघतो. इथे भांडण होत नाही. नवरा (स्वानंद किरकिरे) विमा विकणारा साधा माणूस. त्याला कळतंय की बायकोच्या आयुष्याचा एक तुकडा आपल्याला कधी दिसलाच नव्हता. त्याचं ते बावळटासारखं हसणं मला सगळ्यात जास्त आवडलं. उंच पाळण्यात बसल्याचा एक प्रसंग आहे, त्याबद्दल काहीच सांगत नाही.

एक विनंती. हा सिनेमा दीडपट वेगाने बघू नका. ठाणे-ऐरोली लोकलच्या लेडीज डब्यात शेजारी बसलेली मुलगी परवा एक कोरियन मालिका हिंदी डबिंगमध्ये, दीडपट वेगाने बघत होती. गाडी दिघा गावला पोचेपर्यंत हिरो-हिरॉईनचं भांडण, समेट आणि पाऊस असं सगळं उरकलं. मी वेगाची परीक्षा देऊन नोकरीला लागलेली बाई, मला वेगाचं कौतुक आहे. पण ‘थ्री ऑफ अस’ दीडपटीने बघितलात तर नुसती वेंगुर्ल्याची सहल उरेल.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाईट’ 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री घेऊन आला तेव्हा सगळ्यांनी पेपरात वाचलं, पाहिला किती जणांनी कोण जाणे. पायल कपाडियाचा. मुंबईत नोकरी करणाऱ्या दोन मल्याळी नर्सेस आणि हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली पार्वती. पार्वती झालीय छाया कदम. नवरा गेलेला, चाळ बिल्डरने घेतलेली, आणि राहत्या खोलीचा एकही कागद हिच्या नावावर नाही. कागद नसलेली बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर कशी बसते, पिशवीतून काय काय काढते, रेशनकार्डाची झेरॉक्स, लाइटबिल, देवस्थानाची पावतीसुद्धा, हे मी इतक्यांदा पाहिलंय की छाया कदमला बघताना हिला आपण कुठल्या तारखेला पाहिलं होतं, असं वाटून गेलं. शेवटी ती रत्नागिरीकडे आपल्या गावी निघून जाते. शहरातला अर्धा भाग मला जास्त भावला, गावाकडचा थोडा स्वप्नाळू झालाय. पण नवऱ्याकडून आला असावा असा जर्मनीचा तो राइस कुकर रात्री पोटाशी धरून बसलेली नर्स कुणी विसरणार नाही.

‘दशावतार’ आम्ही सगळे थेटरात जाऊन पाहिला, सप्टेंबर 2025 मध्ये. सासर कुडाळकडचं, त्यामुळे घरात मतदानाचा प्रश्नच नव्हता. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गेला, सुरुवातीच्या जाहिराती चुकल्या, बरंच झालं. दिलीप प्रभावळकर 1944 चे. ऐंशी उलटून गेलेला माणूस, आणि जिना चढल्यावर मला धाप लागते. दृष्टी अधू होत चाललेला म्हातारा दशावतारी त्यांनी असा उभा केलाय की तोंडाला रंग लागला की पाठीचा कणाच बदलतो. मध्यंतरापर्यंत मी खुर्चीच्या टोकावर होते. नंतर सूड आणि धूर जरा जास्त झाला, आणि रंगभूषेच्या पेटीजवळ बसलेला तो माणूस मला कमी मिळाला. नवऱ्याला हे अजिबात पटलेलं नाही. घरी येईपर्यंत तो बोलला नाही.

‘पंचायत’बद्दल थोडक्यात. 2020 चा पहिला सीझन मी तीनदा पाहिलाय. ऑफिसातला मॉनिटर चोरीला जातो, चाकाच्या खुर्चीवरून लग्नघरी तमाशा होतो, सोलर दिवा कुठे लावायचा यावर खल होतो. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. जून 2025 च्या चौथ्या सीझनमध्ये नुसती निवडणूक. सचिवजींचं रजिस्टर कुठे गेलं? माझा रस तिथे संपला.

राहिल्या रोजच्या मराठी मालिका. नावं घेत नाही, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू आहे. साडेसहापासून आमच्याकडे त्या चालू असतात, सासूबाईंसाठी. मी बरीच वर्षं चेष्टा करायचे. झोपताना दागिने कसे, एका वाक्यावर चार जणांचे चेहरे तीन-तीनदा का दाखवतात, आणि “म्हणजे तू काल वाड्यावर गेली होतीस? काल? वाड्यावर?” असं प्रत्येकजण का बोलतं. मग एकदा रजेवर घरी होते तेव्हा नीट पाहिलं. सासूबाई पेपर पसरून सुकट निवडत बसल्या होत्या. डोकं मोडायचं, शेपूट मोडायची, मधलं ताटात. अर्ध्या तासात त्यांनी पडद्याकडे फार तर चारदा बघितलं असेल. त्या मालिका बघत नाहीत, ऐकतात. ते दोनदा बोलणं आणि तो ‘ढॅण’ आवाज त्यांच्यासाठीच आहे, आता वर बघा म्हणून. रेडिओच तो, चित्रं लावलेला. तेव्हापासून मी चेष्टा बंद केली. बघत मात्र अजूनही नाही.

आणि याच बैठकीत गेल्या महिन्यात मी एका रविवारी रिमोट ताब्यात घेऊन ‘कोर्ट’ लावला. चैतन्य ताम्हाणेचा, 2014 सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. जुना आहे, पण मी दर दोन-तीन वर्षांनी बघते, म्हणून अलीकडच्यात धरा. एका लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. शाहीर झालेले वीरा साथीदार 2021 मध्ये कोरोनात गेले. खरं कोर्ट पडद्यावर बघायचं असेल तर हे एक बघा. साक्षीदार बोलतो, जजसाहेब ते आपल्या भाषेत सांगतात, आमच्यातला एक जण खाली मान घालून टाइप करतो. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) कलमं अशी वाचतात जशी आपण किराण्याची यादी वाचतो. मग लोकलने घरी जातात, पोळ्या करतात. कुणी कुणावर ओरडत नाही. माणूस आत सडतो तो या शांतपणानेच.

सासूबाई सुकट निवडत होत्या. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला आली. आत उतरण्याआधी नवरा गटारात खडा टाकून बघायचा, झुरळं बाहेर आली म्हणजे आत हवा आहे, असं काहीसं ती सपाट आवाजात सांगते. पाठीमागे ना संगीत, ना ‘ढॅण’. मी सहज वळून बघितलं तर सासूबाईंचे हात थांबले होते.

“झुरळा इली तर आत हवा असा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. कोर्टरूम रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. “काय गो, टीव्ही बंद पडलो की काय?” मी म्हटलं थांबा. मग एकदम उजेड, रिसॉर्ट, जजसाहेब कुटुंबाबरोबर सहलीला, बाकावर बसल्या बसल्या डुलकी घेताहेत.

“ह्यो तो जज मा?”

“हो.”

“आणि त्या बायचा काय झाला?”

मी म्हटलं, ते दाखवलं नाही, आई.

“तारीख पडली असतली,” त्या म्हणाल्या आणि पेपरवरची डोकी-शेपट्या गोळा करून आत गेल्या.