कॅसिओपिया ए मधला ठिपका न्यूट्रॉन ताराच कशावरून?

न्यूट्रॉन ताऱ्याची ओळख पटवणारे रेडिओ स्पंद मिळत नसताना कॅसिओपिया ए या ताऱ्याच्या स्फोटाच्या (सुपरनोव्हाच्या) अवशेषाच्या मधोमध दिसणारा तो ठिपका न्यूट्रॉन तारा, म्हणजे स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा, कसा ठरवला, मागची एखादी दीर्घिका कशावरून नसेल, असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे.

ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्याच चित्रात तो दिसला. मग आइनस्टाइन आणि रोसॅट या क्ष-किरण उपग्रहांच्या जुन्या नोंदी चाळल्या, तर त्यांतही तो होताच! साधा तारा किंवा सक्रिय (केंद्रातून प्रखर किरण फेकणारी) दीर्घिका असती तर दृश्य प्रकाशात नाहीतर अवरक्तात काहीतरी सापडायला हवं होतं. हबललाही तिथे काही सापडलं नाही. शिवाय क्ष-किरणांतलं तेज जवळपास स्थिर आणि वर्णपट तापलेल्या पृष्ठभागाचा.

एवढ्यावर माझं समाधान होत नाही. खरी कसोटी आकाराची. अंतर माहीत आहे, सुमारे ११,००० प्रकाशवर्षं. वर्णपटावरून तापमान काढलं आणि तेज मोजलं की तेवढं तेज द्यायला किती पृष्ठभाग लागेल हे गणिताने निघतं. इथेच घोडं अडलं होतं. कृष्णिका (फक्त तापमानानुसार प्रारण देणारा आदर्श पृष्ठभाग) धरली तर त्रिज्या एक किलोमीटरही भरत नव्हती, हायड्रोजनचं वातावरण धरलं तरी चार-पाचच. न्यूट्रॉन तारा इतका लहान नसतो. पृष्ठभागावरचा एखादा तप्त डागच चमकतोय म्हणावं, तर तारा फिरताना तेज कमीजास्त व्हायला हवं. तसं आढळत नव्हतं. २००९ मध्ये विन हो आणि क्रेग हाइन्के या खगोलशास्त्रज्ञांनी कार्बनचं वातावरण धरून पाहिलं, जेमतेम १० सेंटिमीटर जाडीचं. तापमान आलं सुमारे २० लाख अंश, त्रिज्या १० ते १४ किलोमीटर. म्हणजे अख्खा ताराच तळपतोय, डाग नव्हे. कार्बन कुठून आला? इतक्या तरुण, तापलेल्या ताऱ्यावर हायड्रोजन आणि हेलियमच्या संमीलनातून तो तयार होऊ शकतो. मला हा युक्तिवाद फार देखणा वाटतो.

स्पंद नाहीत म्हणून न्यूट्रॉन तारा नाही, असं मात्र समजू नका. पपिस ए या दुसऱ्या सुपरनोव्हा अवशेषामधल्या अशाच ताऱ्याचे ११२ मिलिसेकंदांचे स्पंद २००९ मध्ये जाहीर झाले, तेही २००१ च्या निरीक्षणांतून. त्याच्यावर समोरासमोर दोन डाग आहेत, एक जास्त तापलेला, एक कमी. सगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण एकत्र मोजले की एकाची चढ दुसऱ्याच्या उतारात बुडून जायची. कमी आणि जास्त ऊर्जेचे किरण वेगळे काढल्यावरच स्पंद उमटले.