'जयोत्सव' की 'धिंड'? आणि 'बंड' कोणाचं?

एका वाचकाने विचारलं आहे: "गुड फ्रायडेच्या उपासनेत कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं पंधरावं वचन वाचलं गेलं. ख्रिस्ताने वधस्तंभाच्या योगे सत्ताधीशांवर 'जयोत्सव' केला, असं त्यात आहे. मरणाच्या प्रसंगी उत्सव कसला? सरळ 'विजय मिळवला' का म्हटलं नाही? शिवाय उपदेशात पाळकांनी पापाला 'देवाविरुद्धचं बंड' म्हटलं. आपण तर 'बंडखोर' हा शब्द कौतुकाने वापरतो. तो इथे शोभतो का?"

दुसरा प्रश्न आधी घेते. बंड कोणाचं आणि कोणाविरुद्ध हे कळलं, की जय कोणाचा हे सांगणं सोपं जातं.

'बंड' या शब्दाचा रंग बोलणाऱ्यावर ठरतो. 1857 साली जे झालं ते इंग्रज सरकारच्या लेखी बंड होतं. सावरकरांनी त्याला स्वातंत्र्यसमर म्हटलं. निवडणुकीत तिकीट कापलं गेलेला उमेदवार पक्षाच्या दृष्टीने बंडखोर असतो, त्याच्या कार्यकर्त्यांच्या दृष्टीने स्वाभिमानी. आणि 'बंडखोर कवी' म्हटलं की ती शाबासकीच असते. या कौतुकामागे आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरची सत्ता जुलमी आहे. बायबलमधल्या शब्दामागे ते गृहीत नाही.

जुन्या करारात पापासाठी जे तीन-चार हिब्रू शब्द पुन्हा पुन्हा येतात त्यांत 'पेशअ' हा एक आहे. हा मुळात दरबारातला शब्द. 'दुसरे राजे' या पुस्तकाचं पहिलंच वाक्य सांगतं की अहाब राजा मेल्यावर मवाबाने इस्राएलाविरुद्ध हेच केलं, म्हणजे मांडलिकाने मान झुगारली. यशया संदेष्ट्याने आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे क्रियापद उचललं आणि राजवाड्यातून घरात आणलं. देव म्हणतो, मी मुलं वाढवली, लहानाची मोठी केली, आणि ती माझ्यावर उलटली. इथे सिंहासनावर जुलमी राजा नाही, बाप आहे. म्हणून मला इथे 'बंड'पेक्षा 'उलटणं' जास्त जिव्हारी लागतं. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतो ना आपण, त्या जातीचं हे बंड आहे. पाळकांचा शब्द चुकीचा मुळीच नाही. फक्त ऐकणाऱ्याने बंडखोर कवी आठवू नये, घरातल्या माणसाने घराला दिलेला दगा आठवावा.

आता एक गंमतीची गुंतागुंत. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात 'तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला' असं आपण दर गुड फ्रायडेला वाचतो. तिथे 'अपराध' या मराठी शब्दाखाली हिब्रूत 'पेशअ'च आहे. पण 'अपराध' या शब्दाचं मूळ पाहिलं तर तो बंडाचा शब्द नाही, नेम चुकण्याचा आहे. संस्कृतात 'अप' आणि 'राध्' मिळून नेम चुकणं असा अर्थ होतो. अमरकोशात 'अपराद्धपृषत्क' असा एक शब्द दिला आहे: ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला तो तिरंदाज. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत पापाला सर्रास वापरलेला 'हामार्तिया' हा शब्दही नेम चुकण्यातूनच आला, आणि हिब्रूत पापासाठीचं जे सर्वांत नेहमीचं क्रियापद आहे तेही तसंच. शास्ते या पुस्तकात बन्यामिनी गोफणकऱ्यांचं वर्णन आहे की केसावर धोंडा मारला तरी त्यांचा नेम चुकत नसे. तिथलं 'चुकणं' हे पाप करण्याचंच क्रियापद आहे. तीन भाषांना एकच उपमा सुचली याचं मला दर वेळी नवल वाटतं. पण त्यामुळे भाषांतरात एक धार बोथट होते. ज्याचा नेम चुकला त्याची आपल्याला कीव येते. जो उलटला त्याची कीव येत नाही. यशयाच्या त्या ओळीत घायाळ झालेला माणूस चुकलेल्यांसाठी नव्हे, उलटलेल्यांसाठी घायाळ झाला आहे.

योहानाच्या पहिल्या पत्रात पापाची एक सरळ व्याख्या येते: पाप म्हणजे 'अनोमिया', नियम न जुमानणं. मराठीत तिथे 'स्वैराचार' आहे आणि तो मला अतिशय आवडतो. स्वैर म्हणजे स्वतःच्या मर्जीने चालणारा. नियम मोडण्याआधी माणूस 'मी माझा' म्हणतो, हे त्या शब्दाने नेमकं पकडलं आहे.

स्तोत्रसंहितेतलं दुसरं स्तोत्र तर या बंडाचं चित्रच आहे. राष्ट्रं खवळतात, राजे परमेश्वराविरुद्ध आणि त्याच्या अभिषिक्ताविरुद्ध एकत्र येतात आणि म्हणतात, यांची बंधनं तोडून टाकू. 'खवळली' या ठिकाणी जुन्या ग्रीक भाषांतराने जे क्रियापद योजलं ते तेजतर्रार घोड्याचं आहे. फुरफुरणं, खिंकाळणं, लगाम मानत नसल्याचा आवाज. आणि लोक व्यर्थ बेत 'करतात' तिथलं हिब्रू क्रियापद पहिल्या स्तोत्रात भक्तासाठी आलेलं आहे, जो देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. दोघेही पुटपुटतातच. एक देवाचं वचन घोळवतो, दुसरा देवाविरुद्धचा बेत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमची मंडळी हेच स्तोत्र म्हणते आणि त्यातले राजे कोण ते नावानिशी सांगते: गालीलचा अधिपती हेरोद आणि येशूला मरणाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात. म्हणजे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या लेखी मानवजातीचं बंड एका विशिष्ट शुक्रवारी, एका विशिष्ट शहरात टोकाला गेलं.

त्या शुक्रवारी खरोखरीचा एक बंडखोरही हजर होता. लोकांनी येशूऐवजी ज्याला सोडवून घेतलं तो बरब्बा. मार्क लिहितो की तो बंडात खून केलेल्यांबरोबर कैदेत होता. तिथला ग्रीक शब्द 'स्टासिस', आणि त्याला मराठीत 'बंड' हाच शब्द चपखल बसतो. वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. येशूच्या डोक्यावरचा फलकही राजद्रोहाचाच आरोप सांगतो: यहूद्यांचा राजा. तेव्हा घडलं ते असं: बंडवाला सुटला आणि बंडवाल्याचं मरण ज्याने बंड केलं नव्हतं त्याला आलं. यशयाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी आहे की त्याने स्वतःला अपराध्यांत गणू दिलं. तिथेही शब्द 'पेशअ'चाच आहे. उलटलेल्यांच्या यादीत त्याने आपलं नाव लावू दिलं.

आता 'जयोत्सव'.

ग्रीक नव्या करारात जिंकण्याचा नेहमीचा शब्द वेगळा आहे, 'निके'च्या कुळातला. 'धीर धरा, मी जगाला जिंकले आहे' हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन त्या शब्दाचं, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात मरण विजयात गिळलं गेलं आहे तेही त्याच शब्दाचं. तिथे 'जय', 'विजय', 'जिंकणे' पुरेसे आहेत. पण कलस्सैकरांस पत्रात ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने 'थ्रिआंबेउओ' हे क्रियापद वापरलं आहे, आणि ते अख्ख्या नव्या करारात दोनदाच येतं. त्याचा अर्थ नुसता जिंकणं नाही. रोमचा सेनापती मोठी लढाई जिंकून आला की राजधानीत जी मिरवणूक निघे, तिच्यात शत्रूला चालवणं असा तो अर्थ आहे.

ही मिरवणूक डोळ्यांसमोर आणल्याशिवाय हा शब्द कळत नाही. सेनापती चार घोड्यांच्या रथात उभा, अंगावर जांभळं वस्त्र, डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट. पुढे लुटीचे गाडे, बळी द्यायचे पांढरे बैल, धूप. आणि रथाच्या पुढे साखळदंडातले कैदी. हरलेला राजा हाती लागला असेल तर तोही त्यांत असायचा. गॉलचा व्हर्सिंजेटोरिक्स इसवी सनपूर्व 46 मध्ये सीझरच्या मिरवणुकीत असा चालवला गेला आणि नंतर मारला गेला. यरुशलेम पडल्यावर इसवी सन 71 मध्ये वेस्पासियन बादशहा आणि त्याचा मुलगा तीत यांची मिरवणूक निघाली. मंदिरातला सोन्याचा सात फांद्यांचा दीपवृक्ष सैनिक खांद्यावर वाहून नेतात ते दृश्य रोममधल्या तीतच्या कमानीवर कोरलेलं आजही दिसतं. त्या दिवशी यहूद्यांचा पुढारी सिमोन बर गियोरा याला दोर बांधून फरफटत नेलं आणि ठार केलं.

मराठीला या एका प्रसंगासाठी दोन शब्द लागतात. रथातल्या माणसाची ती मिरवणूक. साखळीतल्या माणसाची ती धिंड. मराठी माणूस हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. नवरदेवाची धिंड निघत नाही आणि चोराची मिरवणूक निघत नाही. ग्रीक क्रियापदात मात्र दोन्ही एकत्र आहेत. पौल वाचकाला विचार करायला लावतो तो इथेच: गुलगुथा या टेकडीकडे निघालेली ती धिंड कोणाची होती?

बघणाऱ्यांना शंका नव्हती. अंगावर थट्टेचं जांभळं वस्त्र चढवून झालेलं, काट्यांचा मुकुट झालेला, नंतर कपडेही काढून घेतलेले. पौल म्हणतो, नेमकं उलट घडत होतं. त्याच वचनात सत्ताधीशांसाठी त्याने अंगावरचं उतरवून घेण्याचं क्रियापद वापरलं आहे. आपल्याकडे 'नागवणे' हा शब्द आहे, लुटणं आणि उघडं करणं दोन्ही एकदम सांगणारा, तो इथे अचूक बसतो. ज्यांनी नागवलं तेच नागवले गेले आणि त्यांचीच धिंड निघाली. माझ्या समजुतीप्रमाणे हे वचन इतकं धीट आहे. हे सत्ताधीश म्हणजे नुसते पिलात-हेरोद नव्हेत. माणसाला बंडात गुंतवून ठेवणाऱ्या अदृश्य सत्ताही पौलाच्या मनात आहेत. आधीच्या वचनात कर्जाचा रोखा खिळ्यांनी ठोकून रद्द केल्याची गोष्ट आहे. रोखा फाटला की सावकाराच्या हातात काही उरत नाही.

मी रविवारी लहान मुलांना शिकवते. गुड फ्रायडेच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी येशू शिंगरावर बसून शहरात आला हे सांगत होते, तर पहिल्या रांगेतला एक सात वर्षांचा मुलगा खुदकन हसला. त्याला विचारलं तर म्हणाला, "टीचर, आजी म्हणते, चोराची गाढवावरून धिंड काढतात." हातात झावळीचा विणलेला क्रूस तसाच. मी त्याला जखऱ्या संदेष्ट्याचं वचन दाखवलं, की तुझा राजा लीन होऊन गाढवावर बसून येत आहे. पण त्याच्या आजीचं मराठी कान देऊन ऐकण्यासारखं होतं. आठवड्याच्या सुरुवातीला जी मिरवणूक होती तिच्यात मराठी कानाला धिंड ऐकू येते, आणि शुक्रवारी जी धिंड होती तिच्यात पौलाला मिरवणूक दिसते.

तर 'जयोत्सव' ठेवावा का? मी म्हणेन, ठेवावा. 'विजय' हा निकाल सांगतो. 'जयोत्सव' निदान एवढं सांगतो की हा जय चव्हाट्यावर, लोकांदेखत झाला. कमी एवढीच, की 'उत्सव' म्हटल्यावर आपल्याला गणपती, जत्रा, पालखी आठवते आणि साखळीतले कैदी दिसत नाहीत. वाचून दाखवणाऱ्याने एक वाक्य जोडून द्यावं. त्याच ओळीत 'वधस्तंभ' हा शब्द आहे म्हणून मी निर्धास्त असते. वसईकडे आणि गोव्याकडे रूढ असलेला 'क्रूस' हा पोर्तुगिजांकडून आलेला शब्द प्रेमाचा आहे, पण तो गळ्यात घालता येतो. वधस्तंभ गळ्यात घालता येत नाही.

हे क्रियापद येतं त्या दुसऱ्या ठिकाणाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल देवाची स्तुती करतो, की तो आम्हाला ख्रिस्तामध्ये सर्वदा जयोत्सवाने नेतो. मराठीत वाचताना वाटतं, पौल रथात किंवा निदान सैनिकांत आहे. पण या ग्रीक क्रियापदाचं कर्म म्हणजे मिरवणुकीत चालवला जाणारा पराभूत. सरळ अर्थ घेतला तर पौल स्वतःला कैद्यांत उभं करतो. आणि ते त्याच्या आयुष्याला धरूनच आहे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर तो ख्रिस्ती लोकांना बांधून आणायला निघाला होता. तिथे तो स्वतः पकडला गेला. रोमची मिरवणूक संपली की अनेक कैद्यांचा जीव जाई. या मिरवणुकीतला कैदी जिवंत राहतो, आनंदाने चालतो, आणि त्याच्याबरोबर परिमळ दरवळतो. तो धूप एका रांगेला जीवनाचा वास देतो आणि दुसऱ्या रांगेला मरणाचा, असं पौल पुढच्याच ओळींत लिहितो. तेव्हा तिथे 'नेतो' या साध्या क्रियापदावर जरा थांबून वाचा. नेला जाणारा तो माणूस काल उलटलेला होता.