वाचकांचे प्रश्न: विंडोज आपोआप बसते, मग सॉफ्टवेअर का अडते?

(कमांड आणि फाइलची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

प्रश्न: 'सेटअपकम्प्लीट डॉट सीएमडी'मध्ये (विंडोज बसून झाल्यावर आपोआप चालणारी कमांडची फाइल) पाच सॉफ्टवेअर लावली आहेत. विंडोज व्यवस्थित बसते, पण पाचांपैकी कधी दोन बसतात, कधी चार. उरलेल्यांना १६१८ एरर येते. हाताने चालवली की सगळी बसतात.

'कधी दोन, कधी चार' यातच उत्तर आहे. फाइल खराब असती, तर दर वेळी तेच सॉफ्टवेअर पडले असते. १६१८ म्हणजे 'दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे'. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच एमएसआय (त्याच्यासाठी बनवलेली सॉफ्टवेअरची फाइल) बसवतो. पहिले आटोपण्याआधी दुसरे आले की त्याला परत पाठवतो. हाताने करताना तुम्ही आपसूक थांबता, बॅच फाइल थांबत नाही.

ती न थांबण्याची कारणे दोन. एक, तुम्ही 'स्टार्ट' वापरले आणि '/वेट' विसरलात. इथे एक जुना खड्डा आहे: 'स्टार्ट'नंतरचा अवतरणचिन्हांतला पहिला मजकूर हा खिडकीचे शीर्षक समजला जातो. फाइलचा मार्ग अवतरणात दिलात, तर सेटअप सुरूच होत नाही, त्या नावाची रिकामी काळी खिडकी तेवढी उघडते. म्हणून स्टार्ट "" /वेट असे लिहून मग मार्ग द्या. दुसरे कारण जरा लबाड आहे. बऱ्याच सेटअप डॉट ईएक्सई फाइली स्वतःला उलगडतात, आतला खरा इन्स्टॉलर सुरू करून देतात आणि आपण बंद होतात. '/वेट' पालकाची वाट पाहते, पोराची नाही. अशा वेळी ईएक्सईमधून एमएसआय बाहेर काढा आणि थेट चालवा:

एमएसआयएक्झेक /आय "मार्ग" /क्यूएन /नोरीस्टार्ट /एल*व्ही "लॉगचा मार्ग"

एमएसआय निघत नसेल तर फेरी लावा: एररलेव्हल (मागच्या कमांडने परत दिलेला आकडा) १६१८ आले की ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न, जास्तीत जास्त १० वेळा. थांबण्यासाठी 'टाइमआउट'वर विसंबू नका. कीबोर्डचा इनपुट जोडलेला नसेल तर ती कमांड एरर देऊन लगेच सुटते. 'पिंग -एन ३१ १२७.०.०.१' लिहिले की साधारण ३० सेकंद जातात.

एररलेव्हल तपासताना आणखी एक चूक सर्रास होते. 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ '१ किंवा त्याहून जास्त'. त्यात ३०१०सुद्धा सापडतो, आणि ३०१० हे अपयश नव्हे: सॉफ्टवेअर बसले, रीस्टार्ट बाकी आहे, एवढेच. तो रीस्टार्ट मात्र याच स्क्रिप्टमधून देऊ नका. स्क्रिप्ट जिथे तुटली तिथून पुन्हा सुरू होत नाही आणि विंडोजचा सेटअप अर्धवट लटकतो.

प्रश्न: एकच एमएसआय सेटअपच्या वेळी १६०३ देऊन पडते. लॉगिन करून तीच कमांड दिली की बसते.

१६०३ हा आकडा 'काहीतरी बिनसले' यापलीकडे काहीही सांगत नाही. वरच्या कमांडने तयार झालेला लॉग उघडा, त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा आणि पहिल्या सापडलेल्या ओळीच्या वरच्या पंधरा-वीस ओळी वाचा. शेवटून वाचायला जाल तर सगळे गुंडाळतानाचा पसाराच दिसेल.

लॉग उघडण्याआधीच संशय घ्यावा तो खात्यावर. 'सेटअपकम्प्लीट' कुणीही लॉगिन करण्याआधी सिस्टम खात्याने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अंतर्गत खात्याने चालते. त्या खात्याला तुमचे मॅप केलेले (नेटवर्कवरचे) झेड ड्राइव्ह दिसत नाही. त्याचा 'करंट यूजर' म्हणजे तुम्ही नव्हे, त्यामुळे तिथे लिहिलेल्या रजिस्ट्री नोंदी तुमच्या खात्यात उगवत नाहीत. आणि 'फक्त या यूजरसाठी' बसणारी सॉफ्टवेअर सिस्टम३२ खालच्या 'सिस्टमप्रोफाइल' फोल्डरमध्ये जाऊन बसतात; बसली तरी कुणाला दिसत नाहीत. चालू फोल्डरही वेगळा असतो, म्हणून फाइलींचे मार्ग स्क्रिप्टच्या जागेवरून, म्हणजे '%~डीपी०' लावून द्या.

हे तपासायला दर वेळी विंडोज नव्याने बसवू नका. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातले पीएसएक्झेक घ्या, अ‍ॅडमिन खिडकीतून 'पीएसएक्झेक -एस -आय सीएमडी' द्या. उघडलेली खिडकी सिस्टम खात्याची असते. तीच कमांड तिथे चालवा; बहुतेक वेळा १६०३ तिथेच दोन मिनिटांत पुन्हा भेटतो.

प्रश्न: सेटअप तासन् तास एकाच स्क्रीनवर थांबतो. एरर नाही, काही नाही.

कुठला तरी इन्स्टॉलर तुमच्या क्लिकची वाट पाहतो आहे आणि त्याची खिडकी तुम्हाला दिसत नाही. शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड खिडकी उघडते का पाहा. उघडली तर 'टास्कलिस्ट' देऊन अडकलेली प्रोसेस ओळखा.

मूळ बहुधा सायलेंट स्विचमध्ये (काही न विचारता बसवायला सांगणारा शब्द) असते. इन्स्टॉलर ज्या साधनाने बनवला, त्या प्रत्येकाची बोली निराळी. एनएसआयएसला '/एस' लागतो आणि तो एस कॅपिटलच हवा. छोटा दिला की साधी खिडकी उघडते. इनो सेटअपला '/व्हेरीसायलेंट /सप्रेसमेसेजबॉक्सेस /नोरीस्टार्ट', यातला मधला शब्द प्रत्यक्षात 'एमएसजी' असा तोकडा लिहितात. इन्स्टॉलशील्डमध्ये '/एस' नंतर '/व्ही"/क्यूएन"', व्ही आणि अवतरण यांत जागा न सोडता.

स्विच बरोबर असेल तर फाइल ब्राउझरमधून उतरवलेली आहे का ते बघा. अशा फाइलीला 'इंटरनेटवरून आलेली' अशी खूण चिकटते आणि ती चालवताना सुरक्षेची सूचना उघडू शकते. पॉवरशेलमध्ये 'अनब्लॉक-फाइल' द्या आणि मगच ती पेनड्राइव्हवर टाका.

प्रश्न: काही मशिनांवर 'सेटअपकम्प्लीट' चालतच नाही.

त्या मशिनांवर ओईएम प्रॉडक्ट की (मशिनासोबत उत्पादकाकडून आलेली) आहे का? असेल तर विंडोज ही स्क्रिप्ट मुद्दाम बाजूला ठेवते; एंटरप्राइझ आणि सर्व्हर आवृत्त्या याला अपवाद. तिथे उत्तरफाइलीतल्या (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली फाइल) 'ओओबीई सिस्टम' टप्प्यात 'फर्स्टलॉगॉनकमांड्स' वापरा. त्या पहिल्या लॉगिनला चालतात, म्हणून लॉगिन होणारे खाते अ‍ॅडमिन हवे, आणि प्रत्येक कमांडचा 'ऑर्डर' आकडा वेगळा हवा.

की ठीक असेल तर जागा तपासा: सोर्सेसमध्ये $ओईएम$, त्यात $$, त्यात सेटअप, त्यात स्क्रिप्ट्स. $$ म्हणजे विंडोज फोल्डर, $१ म्हणजे सिस्टम ड्राइव्ह; या दोन्हींची अदलाबदल नेहमीची. फाइलीचे नाव शेवटी 'डॉट टीएक्सटी' लपवून बसलेले नाही ना, तेही पाहा. स्क्रिप्ट सुरू झाली की नाही याची नोंद सी ड्राइव्हवर विंडोज, पँथर, अनअटेंडजीसी या मार्गावरच्या 'सेटअपअ‍ॅक्ट डॉट लॉग'मध्ये मिळते. ती यशस्वी झाली का, हे मात्र तिथे शोधू नका. सेटअप स्क्रिप्टचे एररलेव्हल पाहतच नाही. प्रत्येक कमांडखाली एररलेव्हल आपल्याच फाइलीत उतरवायची सोय करा.

प्रश्न: डॉटनेट ३.५ घालताना ०x८००एफ०८१एफ येते.

सोर्स फाइली सापडल्या नाहीत. डिझमला (विंडोजचे भाग घालणारी कमांड) '/सोर्स'मध्ये सोर्सेस\एसएक्सएस फोल्डर द्या, सोबत '/लिमिटअ‍ॅक्सेस', म्हणजे ते विंडोज अपडेटकडे धाव घेणार नाही. फोल्डर त्याच बिल्डच्या मीडियावरचा हवा. आणि पेनड्राइव्हचे अक्षर डी असेल असे धरून चालू नका: मीडियावर ओळखीची एक रिकामी फाइल ठेवा आणि 'फॉर'च्या फेरीत सी ते झेड शोधून ते अक्षर पकडा.